‘म्हैसूर’ आणि ‘मुंबई’ : दोन विनाशिकांची सेवा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपण आम्हांला दिलेत आणि आम्ही विषय कळविला तो ‘नौदलातील विनाशिका’. तो ऐकून काही मंडळींना नवल वाटले. त्यांनी दोन शंका बोलून दाखविल्या, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी की, बिदर-कलबुर्गीच्या ह्या मुलखात, जेथे मांजरा आणि भीमा पावसाळ्यात दुथडी भरून वाहिल्या तरी लोकांना मोठे पाणी पाहिल्याचे समाधान होते, तेथे समुद्रावरील जहाजाच्या कथेचे काय काम? दुसरी शंका जास्त टोकदार आहे. ही धर्मादाय संस्था. येथे अन्नदानाचे, विद्यादानाचे, रुग्णसेवेचे बोलावे. जिच्या नावातच विनाश आहे अशा लढाऊ जहाजाचे गुणगान येथे कशाला?

ह्या दोन शंकांची उत्तरे देता आली, तर आमचे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

पहिल्या शंकेचे उत्तर बिदरच्या किल्ल्याजवळच उभे आहे. महमूद गवानाचा मदरसा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. हा महमूद गवान मूळचा इराणातील गिलानचा व्यापारी. तो 1453 साली समुद्रमार्गे कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि घाट चढून बिदरला आला. पुढे तो बहामनी राज्याचा वजीर झाला. कोकण किनाऱ्यावर व्यापाऱ्यांची आणि यात्रेकरूंची जहाजे लुटली जात होती. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी त्याने घाटावरून फौज आणि समुद्रातून आरमार धाडले, आणि 1472 साली गोवा घेतला. म्हणजे किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या बिदरातून त्या काळी आरमाराला हुकूम सुटत होते. त्याच शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन प्रवासी चौल बंदरात उतरला आणि विकायला आणलेला घोडा घेऊन बिदरच्या बाजारापर्यंत पोचला. त्याने आपल्या गावाचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेव्हा बिदरचा समुद्राशी संबंध नाही, असे निदान इतिहास तरी म्हणत नाही.

पुढे काळ पालटला. आपला मुलूख निजामाच्या राज्यात राहिला आणि त्या राज्याच्या अखेरच्या काळात त्याला स्वतःचे एकही बंदर नव्हते. समुद्र दृष्टीआड झाला. तथापि कलबुर्गीवरून जाणारी आगगाडी मुंबईलाच पोचत होती. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद, आळंद, अफझलपूर ह्या तालुक्यांतील किती घरांतील माणसे पोटासाठी मुंबईला गेली, ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्यांतील काही पुढे आखातातही गेली. ज्याचा मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला आहे, त्याचे घर बिदरात असले तरी त्याची काळजी समुद्रावर असते. परदेशी एकाएकी लढाई पेटली, विमाने बंद पडली, तर त्या मुलाला आणायला कोण जाईल? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचा आमचा विषय.

आता विनाशिका म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, हे नवे हत्यार निघाले. छोट्या, चपळ होड्या रात्री जवळ येऊन पाणतीर सोडीत आणि पर्वतासारख्या युद्धनौकेला बुडवू शकत. ह्या होड्यांचा समाचार घेण्यासाठी इंग्रजांनी 1893 च्या सुमारास त्यांच्याहून मोठी आणि तितकीच वेगवान अशी नौका बांधली. तिला ‘पाणतीर-होड्यांची विनाशिका’ म्हणू लागले. पुढे नावातील पाणतीर-होडी गळाली आणि नुसती विनाशिका राहिली. म्हणजे तिचा जन्मच मुळी इतर जहाजांच्या राखणीसाठी झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या धान्याची आणि मालाची जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा त्या जहाजांच्या तांड्याभोवती पहारा करण्याचे काम विनाशिकांवर पडले. दुसऱ्या महायुद्धात विमानांपासून राखण करण्याचे काम त्यात भरीस आले. कळपाभोवती फिरणारा धनगराचा कुत्रा आपल्या माळावर सर्वांनी पाहिला आहे. त्याचे दात तीक्ष्ण असतात, पण ते असतात कळपासाठी. विनाशिकेचे तसेच आहे.

स्वतंत्र भारताच्या नौदलात पहिल्या तीन विनाशिका 1949 साली आल्या. त्या इंग्रजांनी वापरलेल्या होत्या. त्यांची नावे ‘राजपूत’, ‘रणजित’ आणि ‘राणा’ अशी ठेवण्यात आली. जुनी भांडी घासूनपुसून नवा संसार मांडावा तशी ती सुरुवात होती. पुढे 1957 साली ‘म्हैसूर’ नावाची मोठी क्रूझर नौका आली. तीही मूळची इंग्रजांची. 1971 च्या युद्धात ही जुनी ‘म्हैसूर’ पश्चिम ताफ्याची प्रमुख नौका होती. त्या युद्धात 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या छोट्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला चढविला. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. परंतु त्याच युद्धात 9 डिसेंबरला ‘खुक्री’ ही आपली फ्रिगेट पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. तिच्यावरील 18 अधिकारी आणि 176 खलाशी मृत्यू पावले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. विजयाचा आनंद आपण साजरा केला. त्याबरोबरच नौदलाने हेही मनाशी पक्के केले, की पाणबुडी, विमान आणि क्षेपणास्त्र ह्या तिन्ही संकटांना तोंड देणाऱ्या मोठ्या नौका आपल्याजवळ हव्यात, आणि त्या शक्य तो आपल्याच गोदीत बांधल्या पाहिजेत.

ती गोदी म्हणजे मुंबईचे माझगाव. तेथे 1774 साली एक लहानशी सुकी गोदी होती. 1934 साली तिची कंपनी झाली आणि 1960 साली भारत सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. 1972 साली तेथून ‘निलगिरी’ ही फ्रिगेट बाहेर पडली, तिचा नकाशा इंग्रजांचा होता. ‘गोदावरी’ 1983 साली आली, तिचा नकाशा आपल्या नौदलाच्या आरेखकांनी केला. हात बसत गेला तसे धाडस वाढले, आणि मग विनाशिकांचे काम हाती घेतले. एकाच आराखड्यावर तीन बहिणी बांधावयाचे ठरले. थोरली ‘दिल्ली’, मधली ‘म्हैसूर’ आणि धाकटी ‘मुंबई’.

मंडळी, ह्या नावांकडे आपण अंमळ थांबून पाहावे अशी आमची विनंती आहे. आपण सीमेवरचे लोक. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत कानडी, आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उर्दू, अशी आपली तऱ्हा. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली आणि आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. तेव्हापासून ‘म्हैसूर’ आणि ‘मुंबई’ ही दोन नावे आपल्याकडे पुष्कळदा एकमेकांसमोर उभी करून बोलली जातात. माझगावच्या गोदीत मात्र ही दोन्ही नावे एकाच नकाशातून, त्याच कामगारांच्या हातांनी, पाण्यावर उतरली. ‘म्हैसूर’च्या मानचिन्हावर कर्नाटकाचा दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. ती बांधणाऱ्या गोदीच्या भोवती मराठी बोलली जाते. ह्याहून अधिक भाष्य आम्ही करीत नाही.

जहाज बांधणे म्हणजे घर बांधण्याहून निराळे काम. आधी त्याचा कणा घालतात. त्याला धरून पोलादी फासळ्या आणि पत्रे जोडीत जातात. सांगाडा पाण्यावर तरंगण्याजोगा झाला की नारळ फोडून त्याचे जलावतरण होते. पुष्कळांना वाटते की येथे काम संपले, परंतु खरे काम तेथूनच सुरू होते. यंत्रे, तोफा, क्षेपणास्त्रे, रडार, मैलोगणती लांबीच्या तारा आणि नळ हे सारे नंतर बसवितात. मग महिनोन्महिने समुद्रात चाचण्या होतात. ‘म्हैसूर’चे जलावतरण 1993 साली झाले आणि ती नौदलात दाखल झाली 2 जून 1999 रोजी, कारगिलची लढाई चालू असताना. ‘मुंबई’ 20 मार्च 1995 रोजी पाण्यावर उतरली आणि 22 जानेवारी 2001 रोजी नौदलात आली. इतकी वर्षे लागण्याचे एक मोठे कारण असे, की पुष्कळशी शस्त्रे आणि यंत्रे सोव्हिएत संघाकडून यावयाची होती आणि 1991 अखेर तो संघच मोडला. ज्या कारखान्यांना माल सांगितला होता ते निरनिराळ्या देशांत गेले. गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनची, क्षेपणास्त्रे रशियाची. अशा वेळी धीर धरून काम पुरे करणे हेही एक शौर्यच होय.

‘मुंबई’चा कणा घातला गेला तो दिवस होता 14 डिसेंबर 1992. ती तारीख ऐकताच आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना त्या महिन्यातील मुंबई आठवेल. शहर दंगलीत होरपळत होते. माणूस माणसाला नाव विचारून वागवीत होता. त्याच शहराचे नाव धारण करणाऱ्या नौकेचे पहिले पोलाद त्याच दिवसांत जोडले गेले. पुढे ह्या नौकेने माणसांना कसे वागविले, ते ऐकताना ही तारीख ध्यानात ठेवावी.

आता नौका कशी आहे ते सांगतो. लांबी सुमारे 163 मीटर, रुंदी 17 मीटर, पूर्ण भाराचे वजन साडेसहा हजार टनांहून अधिक. चार टर्बाइने चालू झाली की ती ताशी तीसहून अधिक नॉटने, म्हणजे सुमारे 55 किलोमीटर वेगाने धावते. तिच्यावर जहाजांवर मारा करणारी सोळा क्षेपणास्त्रे, विमाने पाडणारी निराळी क्षेपणास्त्रे, 100 मिलिमीटरची तोफ आणि पाणतीर सोडण्याच्या पाच नळ्या बसविल्या गेल्या. दोन हेलिकॉप्टरे राहतील अशी जागाही मागच्या अंगास ठेवली. सुमारे साडेतीनशे माणसे तिच्यावर राहतात. एक लहानसे खेडेच ते. त्यांचे पिण्याचे पाणी समुद्राच्याच पाण्यापासून यंत्रावर करतात. भटारखाना पहाटेपूर्वीच पेटतो. काम पाळ्यांनी चालते, त्यामुळे मध्यरात्री उठून पहाऱ्यावर जाणे हे नित्याचेच. इंजिनाच्या खोलीत उकाडा आणि आवाज इतका, की बोलणे खुणांनी चालते. आणि आग विझविण्याचा सराव सतत चालू असतो, कारण समुद्रावर आग लागली तर धावून येणारा शेजारी नसतो.

एवढी तयारी लढाईसाठी होती. पण ‘मुंबई’चे नाव सामान्य लोकांच्या घराघरांत पोचले ते निराळ्याच कामाने.

2006 च्या जुलैत लेबनॉनमध्ये युद्ध पेटले. बैरूतचा विमानतळ बाँबहल्ल्याने बंद पडला. तेथे काम करणारे हजारो भारतीय अडकले. त्याच वेळी ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्र’, ‘बेतवा’ आणि ‘शक्ती’ ह्या आपल्या चार नौका भूमध्य समुद्रातील भेटी आटोपून परतीच्या वाटेवर होत्या. त्यांना मागे फिरण्याचा हुकूम मिळाला. 20 जुलैला बैरूतच्या धक्क्यावरून माणसे चढू लागली. त्यांना सायप्रस बेटावरील लार्नाका बंदरात उतरवून, तेथून विमानाने मायदेशी धाडण्याची व्यवस्था होती. ह्या मोहिमेला ‘सुकून’ असे नाव दिले होते. चार नौकांनी मिळून 2,280 माणसे सोडविली. त्यांत श्रीलंकेचे आणि नेपाळचे लोक होते, आणि भारतीयांशी विवाह झालेले लेबनॉनचे लोकही होते. लढाऊ जहाजावर पाहुण्यांसाठी खोल्या नसतात. हेलिकॉप्टरांचा डेक आणि खलाशांच्या निजण्याच्या जागा, हीच तेथील धर्मशाळा.

2011 साली लिबियात बंड उसळले तेव्हा ‘म्हैसूर’ला ‘जलाश्व’बरोबर तिकडे धाडण्यात आले. त्या वेळी पंधरा हजारांहून अधिक भारतीय परतले, ते बहुतेक विमानांनी. पण विमानतळ कोणत्या दिवशी बंद होईल ह्याचा भरवसा नव्हता, म्हणून नौका धाडणे भाग होते. गावात आग लागली की विहिरीवर दोन माणसे उभी करून ठेवतात. त्यांना पाणी शेंदावे लागले नाही, तरी त्यांचे उभे राहणे वाया गेले असे कोणी म्हणत नाही.

मग आला 2015 चा येमेन. येमेनमधील एडन बंदराचे नाव मराठी माणसाला नवे नाही. 1839 पासून 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना 1879 साली आपल्या शेजारच्या विजापूरकडील मुलखात पकडले, जन्मठेपेवर एडनला नेले, आणि तेथेच 1883 साली त्यांचा अंत झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानावर एडन हा शब्द पडला तो असा, परत न येण्याचे ठिकाण म्हणून.

त्या एडनमध्ये 2015 च्या मार्चअखेर गल्लोगल्ली लढाई चालू होती आणि आकाशातून बाँब पडत होते. तेथे भारतीय परिचारिका, कामगार, व्यापारी अडकून पडले. 31 मार्चला प्रथम पोचली ती ‘सुमित्रा’. ही गोव्याच्या गोदीत बांधलेली गस्तीची नौका चाच्यांविरुद्ध पहाऱ्यासाठी जवळच होती. कमांडर मिलिंद मोकाशी यांच्या हुकमतीखाली ती बंदरात शिरली आणि 349 माणसांना घेऊन निघाली. मोकाशी यांना पुढे शौर्यचक्र मिळाले. इकडे 30 मार्चला ‘मुंबई’ आणि ‘तर्कश’ मुंबई सोडून निघाल्या होत्या. कोचीहून ‘कवरत्ती’ आणि ‘कोरल्स’ ही दोन प्रवासी जहाजे निघाली होती, त्यांना चाच्यांच्या टापूतून राखीत नेणे हेही त्यांचे काम होते. म्हणजे विनाशिकेचे जुनेच काम, कळप राखण्याचे.

4 एप्रिलला ‘मुंबई’ एडनजवळ पोचली. तोफांचा मारा इतका होता की एवढी मोठी नौका धक्क्याला लावणे शक्य नव्हते. ती बाहेर समुद्रात उभी राहिली आणि माणसे लहान लहान होड्यांतून तिच्यापर्यंत आणली गेली. हिंदकळणाऱ्या होडीतून उंच नौकेवर चढणे तरण्याबांड माणसाला जड जाते. कडेवर मूल असलेल्या आईचे काय झाले असेल, त्याची कल्पना आपणच करावी. त्या दिवशी ‘मुंबई’ने 441 माणसे घेतली. आणि ऐका, त्यांतील निम्म्याहून अधिक भारतीय नव्हती. इतर देशांनी आपल्या माणसांसाठी भारताकडे विनंती केली होती. नौकेच्या शिडीवर कोणाला तुझा देश कोणता, धर्म कोणता, म्हणून मागे लोटले गेले नाही. त्या सर्वांना समुद्रापलीकडे जिबुतीला उतरविले, तेथून भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मुंबईला आणि कोचीला आणले. ‘राहत’ नावाच्या त्या साऱ्या मोहिमेत भारताने पाच हजार सहाशेच्या घरात माणसे सोडविली. त्यांत साडेनऊशेच्या वर परदेशी होते, आणि ते 41 देशांचे होते.

माझगावच्या गोदीतून ह्यानंतर आणखी सात विनाशिका बाहेर पडल्या आहेत : ‘कोलकाता’, ‘कोची’, ‘चेन्नई’, ‘विशाखापट्टणम’, गोव्याच्या बंदराचे नाव धारण करणारी ‘मुरगाव’, ‘इंफाळ’ आणि 15 जानेवारी 2025 रोजी आलेली ‘सुरत’. ह्या धाकट्या बहिणींनीही घराण्याची रीत सोडलेली नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात बाँबे हायजवळ तेल-कामगारांचा ‘पी-305’ नावाचा तराफा नांगर तुटून भरकटला आणि 17 मेला बुडाला. त्यावर 261 माणसे होती. ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ ह्या विनाशिका आणि इतर नौका डोंगराएवढ्या लाटांत रात्रभर माणसे वेचीत होत्या. 180 हून अधिक जीव वाचले. अनेक वाचविता आले नाहीत, त्यांचे दुःख त्यांच्या घरी आजही आहे. 26 जानेवारी 2024 रोजी, आपण झेंडावंदन करून घरी परतलो त्या दिवशी, एडनच्या आखातात एका तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागली. त्यावर 22 भारतीय खलाशी होते. ‘विशाखापट्टणम’चे जवान त्या जळत्या जहाजावर चढले आणि त्यांनी आग आटोक्यात आणण्यास मदत केली. रोज सराव करीत असतात तो ह्याचसाठी. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘कोलकाता’ने चाच्यांनी पळविलेल्या ‘रुएन’ जहाजाला चाळीस तास अडवून धरले. विमानातून छत्रीधारी नौसैनिक उतरले, 35 चाचे शरण आले आणि जहाजावरील 17 माणसे सुखरूप सुटली. चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केले. व्यापारी जहाजे लुटणाऱ्यांचा बंदोबस्त, हे महमूद गवानाचे काम पाचशे वर्षांनीही संपलेले नाही.

आता दुसऱ्या शंकेकडे येतो. एका विनाशिकेच्या पैशात किती शाळा निघतील, किती गावांना पाणी मिळेल, असे विचारणारा मनुष्य देशद्रोही नव्हे. आपल्या भागात दुष्काळ पडतो, मुले शाळा सोडून ऊसतोडीला आणि विटभट्टीला जातात. अशा मुलखात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शस्त्रे ही जगाच्या दुर्गुणांची किंमत आहे. ती भरावी लागते म्हणून ती आनंदाने मिरवावी असे नाही. पण आम्ही एवढेच निदर्शनास आणू इच्छितो, की एडनच्या त्या आईला शिडीवर ओढून घेण्यासाठी दया पुरेशी नव्हती. दया जगात पुष्कळांना आली असेल. तेथे जाण्यास वेग लागला, तोफांच्या टप्प्याजवळ उभे राहण्यास बळ लागले, आणि बावीस वर्षे आधी कोणीतरी त्या नौकेचा कणा घालून ठेवावा लागला. संकटाच्या दिवशी जहाज बांधता येत नाही.

हे वाक्य नौदलाइतकेच आपल्या संस्थेला लागू आहे. आपल्या पूर्वसूरींनी पन्नास वर्षांपूर्वी रुपया रुपया जमवून जे केले, ते कणा घालण्याचेच काम होते. अशा सर्वच ज्ञातिसंस्थांतून महोत्सवाच्या सुमारास एक वाद निघतो, आणि तो निघणे बरेही आहे : संस्थेचे धन आपल्याच समाजाच्या मुलांसाठी ठेवावे, की दारी आलेल्या कोणत्याही गरजू मुलाला त्यातून वाटा द्यावा? देणगीदारांचा हेतू पाळणे हा विश्वस्तांचा धर्म आहे, आणि आपल्या माणसांची काळजी प्रथम घेणे ह्यात गैर काहीच नाही. ‘मुंबई’ही निघाली ती आपल्या माणसांसाठीच. पण शिडी खाली सोडल्यावर तिने कोणाला मागे लोटले नाही. आपले लोक घेऊन झाल्यावरही तिच्यावर जागा होती, कारण ती तशी मोठी बांधलेली होती. संस्था लहान असेल तर आपपर करणे भाग पडते. ती मोठी केली की हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. म्हणून आमचे सांगणे असे, की ह्या महोत्सवात वाद घालण्याआधी वर्गणी वाढवावी. वसतिगृहात एक खोली अधिक बांधावी, आणि त्या खोलीत मराठी घरातले मूल येते की कानडी घरातले, की तांड्यावरचे, हे येणाऱ्या वर्षांवर सोपवावे.

आणखी एक विनंती. आपल्या तालुक्यांतील मुलांना नौदल म्हणजे किनाऱ्यावरच्यांचे काम असे वाटते. तसे ते नाही. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही असा मुलगाही तेथे खलाशी होतो, यंत्रज्ञ होतो, अधिकारी होतो. बिदरच्या वायुदल केंद्रात देशभरातील तरुण लढाऊ विमाने चालविण्यास शिकतात, त्यांची विमाने आपल्या शेतांवरून रोज जातात. कारवारला आपल्याच राज्यात ‘कदंब’ हा नौदलाचा मोठा तळ आहे. शिष्यवृत्ती देताना ह्या वाटांची माहिती मुलांना आणि मुलींनाही द्यावी. वाट ठाऊक नसल्यामुळे कोणी घरी राहू नये.

‘मुंबई’ डिसेंबर 2023 मध्ये दुरुस्त होऊन पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमला गेली आहे. ती आता पंचविशी गाठलेली नौका आहे. जहाजांच्या हिशेबाने हे वय थोडे नव्हे. एक दिवस तिचे निशाण उतरविले जाईल आणि पोलाद वितळविले जाईल, त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. बैरूतच्या आणि एडनच्या किनाऱ्यावरून ज्यांना तिने उचलले, त्यांची मुले आज शाळा-कॉलेजांत शिकत असतील. नौकेची मिळकत ती हीच.

आपल्या संस्थेलाही अशीच मिळकत लाभो, तिचा कणा बळकट राहो आणि तिची शिडी सदैव खाली सोडलेली असो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना आहे.